लाटा मोजणारे होल्टर

डहाणूच्या किनाऱ्यावर उभे राहून तुम्ही समुद्राच्या लाटा पाहिल्या असतील. क्षणभर पाहून समुद्र कळतो का? नाही. भरती-ओहोटी समजण्यासाठी दिवसभर पाहावे लागते. हृदयाचेही तसेच आहे. हे ज्यांनी ओळखले, त्या नॉर्मन जेफ्रिस होल्टर यांची माहिती आज करून घेऊ या.

होल्टर यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१४ रोजी अमेरिकेतील हेलेना शहरात झाला. ते डॉक्टर नव्हते. त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचा अभ्यास केला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेच्या नौदलासाठी समुद्राच्या लाटांचा अभ्यास करीत. पुढे १९४७ मध्ये त्यांनी हेलेना येथे आपली संशोधन संस्था सुरू केली. आता त्यांना हृदयाच्या लाटा मोजायच्या होत्या.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात अतिशय सौम्य वीज निर्माण होते. ईसीजी यंत्र तिच्या लाटा कागदावर काढते. परंतु त्यासाठी रुग्णाला स्वस्थ पडून राहावे लागे आणि नोंद थोड्याच वेळाची मिळे. माणूस धावतो, काम करतो, झोपतो, तेव्हा त्याचे हृदय कसे चालते? या प्रश्नाने होल्टर यांना स्वस्थ बसू दिले नाही. त्यांनी हृदयाच्या लाटा रेडिओने दूर पाठवणारे यंत्र तयार केले. त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! ते ओझे पाठीवर बांधून ते स्वतः सायकलचे पेडल मारीत. अनेक वर्षे खटपट करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्र लहान केले. १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज या यंत्राला 'होल्टर' असेच म्हणतात. ते खिशात मावते. २४ तासांत हृदयाचे सुमारे १ लाख ठोके पडतात. त्यांची नोंद ते ठेवते.

समजा, तलासरीची एखादी मुलगी खेळताना एकाएकी बेशुद्ध पडली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिची नाडी, म्हणजे आपण उर्दूत जिला नब्ज म्हणतो ती, पुन्हा नीट चालू लागते. साध्या ईसीजीत दोष दिसेलच असे नाही. पण अंगावर होल्टर लावून ती शाळेत गेली, खेळली, झोपली, तर चुकणारा ठोका सापडू शकतो. छातीत धडधडले की ती वेळ मात्र वहीत लिहून ठेवावी लागते.

म्हणून मित्रांनो, धावताना कोणी कोसळले, तर त्याला अशक्त म्हणून हसू नका. तो लगेच उठून बसला, तरीही शिक्षकांना आणि त्याच्या घरच्यांना सांगा. त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. तुमच्या एका शब्दाने त्याचा जीव वाचू शकेल.