विश्लेषण : कामगार आधी की कृष्णवर्णीय? क्लॉड मॅके यांनी कादंबऱ्यांतून काय विचारले?

जगातले कामगार एक असतील, तर कृष्णवर्णीय कामगाराच्या वाट्याला वेगळी वागणूक का? जमैकात जन्मलेले लेखक क्लॉड मॅके (१८८९-१९४८) यांच्या लेखनात हा प्रश्न पुन:पुन्हा येतो.

पोलीस शिपाई ते वेटर
जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. मॅके शेतकरी कुटुंबातले. काही काळ त्यांनी पोलीस शिपायाची नोकरी केली. १९१२ मध्ये ते शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, पण ते अर्धवट सोडून न्यूयॉर्कला आले आणि रेल्वेच्या भोजनडब्यात वेटर झाले. मायदेशी ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

मॉस्कोत काय झाले?
१९१९ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीयांवर हल्ले सुरू असताना त्यांची प्रतिकाराची कविता गाजली. पुढे लंडनमध्ये सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्या डाव्या वृत्तपत्रात त्यांनी काम केले. १९२२ मध्ये ते मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या चौथ्या अधिवेशनात बोलले. तिथे त्यांनी अमेरिकी कम्युनिस्टांमधल्याच वर्णद्वेषावर बोट ठेवले.

कादंबऱ्यांत काय आहे?
‘बँजो’ (१९२९) फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात घडते. आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि अमेरिकेतून आलेले बेकार खलाशी तिथे भेटतात. वर्ण एक, पण देश आणि भाषा वेगवेगळ्या. फ्रेंच वसाहतींतल्या पुढच्या पिढीच्या कृष्णवर्णीय लेखकांवर या पुस्तकाचा मोठा प्रभाव पडला.

‘रोमान्स इन मार्सेय’चा नायक लफाला जहाजात लपून प्रवास करताना पकडला जातो. थंडगार खोलीत कोंडल्याने त्याचे पाय कापावे लागतात. खटल्यानंतर जहाज कंपनीकडून त्याला मोठी भरपाई मिळते. धडधाकट असताना ज्याच्या श्रमाला मोल नव्हते, तो अपंग झाल्यावर श्रीमंत होतो. ही कादंबरी प्रसिद्ध झाली थेट २०२० मध्ये.

दोन्हीकडून टीका
‘होम टू हार्लेम’मध्ये (१९२८) त्यांनी गरिबांचे दारूचे अड्डे आणि रात्रजीवन रंगवले. त्यावर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस संतापले. कृष्णवर्णीयांची बदनामी होते, असा त्यांचा आक्षेप होता. दुसरीकडे, कम्युनिस्ट पक्ष कृष्णवर्णीयांच्या चळवळी ताब्यात घेतो, असे म्हणत मॅके त्याचे कठोर टीकाकार बनले. १९४४ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. १९४८ मध्ये शिकागोत त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?
पोटासाठी देश सोडणाऱ्याचे श्रम सर्वांना हवे असतात. माणूस म्हणून त्याला जागा कोण देतो? मॅके यांनी हे कुठल्याही पक्षाच्या चष्म्यातून न पाहता बंदरावरच्या माणसांत राहून लिहिले. म्हणूनच त्यांची अप्रकाशित पुस्तके मृत्यूनंतर अनेक दशकांनीही छापली जात आहेत.