साध्या दगडाखालचे राष्ट्राध्यक्ष

दरवर्षी 2 नोव्हेंबरला मी घरच्यांबरोबर दफनभूमीत जाते. कबरी साफ करायच्या, मेणबत्त्या लावायच्या. पैसेवाल्यांची कबर लांबूनच ओळखू येते: संगमरवर, कठडा, मोठी अक्षरं. त्यामुळे कॅल्विन कूलिज यांच्या कबरीचा फोटो पाहिला तेव्हा मला खरंच वाटेना. अमेरिकेचे 30वे राष्ट्राध्यक्ष, आणि वर साधा दगड! नाव, तारखा आणि राष्ट्राध्यक्षांची मुद्रा, बस्स. मग मी त्यांच्याबद्दल वाचत गेले.

व्हरमाँट राज्यातलं प्लिमथ नॉच हे डोंगरातलं चिमुकलं गाव. तिथे 4 जुलै 1872 रोजी कूलिज जन्मले. ते बारा वर्षांचे असताना आई गेली, पुढे पाच वर्षांनी धाकटी बहीण. पुढे वकिली, नॉर्दॅम्प्टनचं महापौरपद, मॅसॅच्युसेट्सचं गव्हर्नरपद, मग उपराष्ट्राध्यक्षपद. बोलणं मात्र कायम मोजकंच.

ऑगस्ट 1923 मध्ये ते वडिलांकडे सुट्टीला आले होते. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारल्याची बातमी रात्री उशिरा घेऊन माणूस आला, कारण घरात फोन नव्हता. पहाटे पावणेतीनच्या सुमारास, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, नोटरी असलेल्या वडिलांनीच मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली.

वर्षही झालं नव्हतं. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा, त्याचंही नाव कॅल्विन, व्हाइट हाउसच्या मैदानावर मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, रक्तात विष भिनलं आणि आठवड्याभरात, 7 जुलै 1924 रोजी, तो गेला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही बापाला काही करता आलं नाही. मुलाला त्यांनी प्लिमथ नॉचलाच नेऊन पुरलं.

त्याच नोव्हेंबरमध्ये ते निवडणूक मोठ्या फरकानं जिंकले. पण मुलगा गेला तेव्हा पदाचं वैभवही त्याच्याबरोबर गेलं, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. 1928 ला ते उभेच राहिले नाहीत. पद सोडल्यावर काही महिन्यांतच शेअर बाजार कोसळला; त्यांनी बाजाराला फार मोकळं सोडलं, अशी टीका आजही होते.

5 जानेवारी 1933 रोजी ते हृदयविकारानं गेले. साठ वर्षांचे होते. गावच्या त्याच उतारावर, कूलिज घराण्याच्या कबरींमध्ये, मुलाच्या ओळीत त्यांना ठेवलं.

मला वाटतं, आपली जागा त्यांनी जुलै 1924 मध्येच ठरवली असावी.