विश्लेषण : पाच वर्षांचा करार ३६ वर्षे चालला असता! ऑपेरा गायक कारुसोची कारकीर्द कशी घडली?

ऑपेरा म्हणजे ढोबळमानाने आपले संगीत नाटकच; फक्त त्यात बहुतेक संवादही गायले जातात आणि माइक नसतो. वाद्यवृंदाला भेदून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. या कलेतला सर्वांत गाजलेला टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, एन्रिको कारुसो. जन्म १८७३, इटलीतील नेपल्स. वडील मेकॅनिक. एन्रिकोही लहानपणीच कारखान्यात उमेदवारीला लागला. चर्चमध्ये, कॅफेत गाऊन थोडे पैसे मिळत.

करार काय होता?

गुल्येल्मो व्हेर्जिने हे त्याचे गुरू. फी परवडणारी नव्हती. म्हणून लिहून दिले : पाच वर्षे कमाईतले २५ टक्के गुरूंना. मेख अशी, की ही पाच वर्षे कॅलेंडरची नव्हती, प्रत्यक्ष गायलेल्या दिवसांची होती. गणित करून पाहा. पाच वर्षे म्हणजे १,८२५ दिवस. वर्षाला ५० प्रयोग धरले तर ३६ वर्षे! (नोकरीच्या बाँडवर न वाचता सही करणाऱ्या आम्हा इंजिनीअरांनी यावर हसू नये.) अखेर प्रकरण कोर्टात गेले, तेव्हा सुटका झाली.

नाव कसे झाले?

१८९५ मध्ये नेपल्समध्ये त्याने पदार्पण केले, पण उंच सुरांवर आवाज फाटायचा. तो दोष काढायला काही वर्षे गेली. १९०० मध्ये मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात संधी मिळाली. पुढच्याच वर्षी नेपल्सच्या सान कार्लोमध्ये मात्र घरच्याच प्रेक्षकांनी थंडा प्रतिसाद दिला. तिथे पुन्हा गायचे नाही, हे त्याने ठरवले आणि पाळले.

११ एप्रिल १९०२. मिलानच्या हॉटेलात फ्रेड गैसबर्ग यांनी १०० पौंडांत त्याची दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. कर्ण्यात गायचे, पडदा थरथरायचा, सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. या यंत्रात बरेच आवाज किरटे व्हायचे. कारुसोचा भरदार उतरला. त्याच वर्षी गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचेही गाणे मुद्रित केले.

१९०३ पासून न्यू यॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा हेच त्याचे मुख्य घर झाले. तिथे ८०० हून अधिक प्रयोग केले. १९०९ मध्ये स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली, तरी गाणे थांबले नाही.

शेवट

डिसेंबर १९२०. ब्रुकलिनमध्ये गाताना तोंडातून रक्त आले, तरी त्याने पहिला अंक पूर्ण केला. पुढचा प्रयोग रद्द झाला. त्यानंतरही, छातीत वेदना असताना, तो २४ डिसेंबरला मेट्रोपॉलिटनमध्ये उभा राहिला. तो शेवटचा प्रयोग. फुप्फुसाच्या आवरणाला संसर्ग झाला होता. अनेक शस्त्रक्रियांनंतर तो इटलीला परतला आणि २ ऑगस्ट १९२१ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, नेपल्समध्येच गेला.