मेंढपाळांचे गुरु दोबांतों

शेळ्यामेंढ्या पाळूं इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांस आज आम्ही एका फ्रेंच विद्वानाचें चरित्र सादर करितों. लुई दोबांतों ह्यांचा जन्म इ. स. १७१६ मध्यें बर्गंडी प्रांतांतील माँबार गांवीं झाला. त्यांनीं धर्मशास्त्र शिकावें अशी पित्याची इच्छा होती. परंतु त्यांचें मन वैद्यकाकडे ओढ घेई. पित्याच्या मरणानंतर १७४१ सालीं ते वैद्य झाले. पुढें पॅरिस येथील राजाच्या उद्यानांत ब्यूफों ह्या प्रसिद्ध ग्रंथकाराचे सहकारी होऊन त्यांनीं अनेक प्राण्यांची शरीररचना तपासून लिहिली.

१७६६ सालीं सरकारच्या सांगण्यावरून त्यांनीं माँबार येथें मेंढरांवर प्रयोग आरंभिले. थंडी बाधूं नये म्हणून तेथील लोक मेंढरांस हिवाळाभर कोंदट गोठ्यांत दाटीनें कोंडीत. दोबांतोंनीं आपलीं मेंढरें बारा महिने उघड्या आवारांत ठेविलीं, तरी तीं निरोगी राहिलीं. लोंकर थंडी अडविते; परंतु दूषित हवा व ओली, घाणेरडी जमीन रोग आणिते, असें त्यांचें मत झालें. शिवाय स्पेनच्या मेरिनो जातीच्या एडक्यांपासून त्यांनीं देशी कळपाची लोंकर सुधारली, व तिचा बारीकपणा सूक्ष्मदर्शकानें मोजला.

पण हें ज्ञान निरक्षर मेंढपाळांपर्यंत पोहोंचावें कसें? त्यासाठीं १७८२ सालीं त्यांनीं मेंढपाळांकरितां प्रश्नोत्तररूप पुस्तक प्रसिद्ध केलें. आमचे उपदेशक प्रश्नोत्तरावली पाठ करवितात, तशाच रीतीचें तें होतें. दांतांवरून वय ओळखणें, चारा, मीठ, कोंकरांची निगा, असे विषय त्यांत क्रमानें आले आहेत.

१७८९ नंतरच्या राज्यक्रांतींत प्रत्येकास निष्ठेचा दाखला लागे. ह्या थोर पंडितास तो मेंढपाळ म्हणून मिळाला, व त्यामुळें त्यांचें पद टिकलें. १७९९ साल संपतां संपतां ते निवर्तले. त्यांची समाधि त्याच उद्यानांत आहे.

नवशिक्यांनीं ह्यांतून काय घ्यावें? आमच्या देशांत पाऊस मुसळधार, आणि शेळीस मेंढीसारखी दाट लोंकर नाहीं; म्हणून वर छप्पर अवश्य असावें. परंतु बाजू मोकळ्या, जमीन उंच व कोरडी असावी, आणि जनावरांची दाटी नसावी. दोन शेळ्या नीट राखणें हें दहा शेळ्या कोंडून मारण्यापेक्षां बरें, असें आम्हांस वाटतें.