न मिसळणारी दोन द्रावणे

मार्कंड्याच्या देवळाकडे जाताना शेतातले हरभऱ्याचे एखादे रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणारे त्यांतले जीवाणू १८८८ मध्ये वेगळे काढले मार्टिनस बायरिंक यांनी. जन्म १८५१, अॅमस्टरडॅम. डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरी, पुढे तिथेच प्राध्यापकी. लग्न केले नाही. १८९८ मध्ये तंबाखूच्या रोगामागचा विषाणू त्यांनी जीवाणूंहून वेगळा ओळखला. आम्ही डॉक्टर त्यांना ओळखतो ते त्यासाठी.

पण १८९६ मध्येच त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. जिलेटिन आणि स्टार्च, दोन्ही पाण्यात विरघळतात. द्रावणे एकत्र केली की मात्र मिश्रण गढूळते आणि दोन थर पडतात. कारण पुढे उलगडले. हे पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळ्या. सुटे रेणू सहज विखुरतात. साखळीत बांधलेल्यांना तेवढी मोकळीक नसते. मग जराशी नावडही वेगळे व्हायला पुरते.

बायरिंक १९३१ मध्ये वारले. १९५०च्या दशकात स्वीडनच्या अल्बर्टसन यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रान यांच्या अशाच दोन थरांत नाजूक पेशींचे भाग आणि प्रथिने वेगळी केली. दोन्ही थर पाण्याचेच, म्हणून त्यांना इजा होत नाही. यांतले पहिले आम्ही बद्धकोष्ठावर देतो, दुसरे शिरेतून. साठ वर्षांपूर्वीच्या गढूळ नळीचे असे चीज झाले. ते पाहायला बायरिंक मात्र नव्हते.