शेकाच्या मशीनमागचा माणूस : डॉ. होमी भाभा

नांदेड/लातूर : देवगिरी असो की लातूर एक्स्प्रेस, हातात फाईल घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेलं आपल्या भागातलं कुणीतरी डब्यात भेटतंच. तिथं कॅन्सरवर जे रेडिएशन देतात, त्याला आपण शेक म्हणतो. या दवाखान्याच्या वाटचालीत शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांचा मोठा वाटा आहे, हे मात्र फार जणांना माहीत नाही.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. वडील वकील. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. होमी केंब्रिजला शिकत असतानाच, १९३१ साली, आत्या रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या आठवणीत १९४१ ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं.

१९३९ ला भाभा सुटीवर घरी आले अन् महायुद्ध पेटलं. मग ते इथंच राहिले. १९४५ ला त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. १९४८ ला ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५६ ला तुर्भ्यात अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६२ ला टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आलं. ज्या खात्याचं काम अणूचं, त्याच्याच हाती कॅन्सरचा दवाखाना! भाभांना अणूचा उपयोग विजेसोबत शेतीला अन् औषधोपचारालाही करायचा होता.

अणुभट्टीत साधा कोबाल्ट ठेवला की तो कोबाल्ट-६० होतो. त्याच्या किरणांनी गाठ जाळता येते. त्याची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून तो बदलावा लागतो. मेंदूच्या गाठीवरही हाच कोबाल्ट कामी येतो. स्वीडनचे सर्जन लार्स लेक्सेल यांच्या गॅमा नाईफ मशीनमध्ये जवळपास दोनशे बाजूंनी बारीक किरण एकाच ठिकाणी सोडतात. नाव चाकूचं, पण कवटी उघडावी लागत नाही. मात्र हा इलाज लहान गाठीलाच चालतो. म्हणून सततची डोकेदुखी, सकाळची उलटी, नजर अंधुक होणं, नव्यानं आलेली फीट, यातलं काही असलं तर अंगावर काढू नका.

२४ जानेवारी १९६६ ला आल्प्स पर्वतात विमान कोसळून भाभा गेले. वय अवघं ५६. लग्न केलेलं नव्हतं. पुढं त्यांच्या नावाच्या संशोधन केंद्रानं देशी कोबाल्ट मशीन बनवलं. त्याचं नाव भाभाट्रॉन.

आणखी एक गोष्ट. शेक घेऊन आलेल्या माणसाची गावात चटई वेगळी, ताट वेगळं करतात. मशीनचे किरण मशीन बंद झाल्यावर अंगात उरत नाहीत, त्यामुळे जवळ बसल्यानं कुणालाच काही होत नाही. पेशंटला घरच्यांसोबत जेवायला बसवा. त्याला त्याचीच जास्त गरज असते.