चेल्टनहॅम येथील पंडिता

आपल्याकडील एखादा प्राध्यापक पाहुणा अध्यापक म्हणून वर्ष-दोन वर्षांकरिता परदेशी विद्यापीठात जातो, तेथे हिंदुस्थानचा इतिहास अथवा संस्कृत शिकवतो आणि परत येतो, याचे आज कोणास नवल वाटत नाही. वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते, एवढेच. परंतु सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एक तरुण विधवा इंग्लंडातील एका नामांकित विद्यालयात संस्कृतची अध्यापिका झाली, आणि तिने कोणाला शिकवावे व कोणाला शिकवू नये या प्रश्नावर बिशपांनी आपापली मते कळवली, ही हकीकत ख्रिस्तजनांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. पंडिता रमाबाई म्हटले की आपल्यासमोर केडगावचे मुक्तिसदन उभे राहते आणि दुष्काळातून आणलेल्या मुली व संजीवनाची प्रार्थनासभा आठवते. त्याआधीची चेल्टनहॅमची दोन वर्षे मात्र आपण सहसा वगळतो. ती वगळणे आपल्या मंडळीला सोयीचे असते, हेही एक कारण असावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. या अपराधाबद्दल त्यांना उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. अनंतशास्त्र्यांनी शास्त्राधारेच आपली बाजू मांडली आणि पत्नीचे शिक्षण चालू ठेवले. पुढे वडील वृद्ध झाल्यावर रमाबाईंना भागवत व व्याकरण शिकवले ते या मातेनेच. वाचकांनी उडुपीची ही सभा ध्यानात ठेवावी, कारण तशीच एक सभा या कन्येच्याही वाट्यास यायची होती. तिच्या सभेतील पंडितांच्या अंगावर मात्र बिशपांचे झगे होते.

पुढचा काळ दुःखाचा आहे आणि तो सर्वांस परिचित असल्याने थोडक्यात सांगतो. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, त्यानंतर थोरली बहीण गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास देशभर पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी तिचा विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने नेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच आईवडील, बहीण, भाऊ व पती यांना गमावलेली ही स्त्री कडेवर तान्हे मूल घेऊन पुण्यास आली. तिने आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासखर्चाची सोय झाली.

प्रवासखर्चाची ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु पुढील सर्व वादाचे मूळ तिच्यात आहे. रमाबाईंना कोणाचे मिंधेपण नको होते. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेज मठाच्या अँग्लिकन भगिनींशी त्यांची ओळख झाली होती. त्यांच्या आश्रयाने १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या निघाल्या, तेव्हा अन्न व निवाऱ्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवण्याचे त्यांनी ठरवले होते. भाषा हेच त्यांचे धन होते, आणि परदेशी राहण्याची किंमत त्या याच धनातून चुकती करणार होत्या. वैद्यकी शिकावी हा त्यांचा मूळ हेतू. परंतु श्रवणशक्ती क्षीण झाल्यामुळे तो मार्ग बंद झाला. सोबत आलेली आनंदीबाई भगत त्याच वर्षी अत्यंत करुण रीतीने मृत्यू पावली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला.

यानंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. हे विद्यालय १८५३ मध्ये स्थापन झाले होते. मिस डोरोथिया बील या तेथे १८५८ पासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्मवर्षापासून, मुख्याध्यापिका होत्या. मुलींना गणित व विज्ञान शिकवले तर त्या बिघडतील असे इंग्लंडातील सभ्य गृहस्थ म्हणत असता ते विषय मुलींपर्यंत नेण्यासाठी या बाईंनी जन्म वेचला. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी देण्यास आरंभ केला तो १९२० मध्ये आणि केंब्रिजने पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे १८८४ मध्ये एका हिंदी स्त्रीने इंग्लंडात अध्यापकाच्या आसनावर बसणे म्हणजे काय, हे कळते. रमाबाई तेथे संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी वाङ्मय, गणित व निसर्गविज्ञान शिकत. एकाच इमारतीत एका तासाला गुरू आणि दुसऱ्या तासाला शिष्य, असा त्यांचा दिनक्रम होता.

मिस बील यांना ही विद्वत्ता वाया जाऊ द्यायची नव्हती. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, असा विचार पुढे आला. हिंदुस्थानात नोकरीस अथवा धर्मकार्यास जाणाऱ्या तरुणांना तेथील भाषा शिकणे अगत्याचे होते, आणि त्या शिकवण्यास हिच्याहून योग्य व्यक्ती त्या देशात मिळणे कठीण होते. परंतु वाँटेजच्या भगिनींना ही कल्पना रुचली नाही. लाहोरचे बिशप फ्रेंच व मुंबईचे बिशप माइल्न यांचा सल्ला विचारण्यात आला. दोघांनीही विरोध दर्शवला. हिने तरुण पुरुषांना शिकवले असे हिंदुस्थानात कळले तर तेथील लोकांच्या मनातून ही कायमची उतरेल, आणि मग तिच्या हातून होणाऱ्या सेवेला मुकावे लागेल, अशी भीती त्यांच्या बाजूने मांडली गेली.

बिशपांना दुष्ट ठरवण्याचा माझा हेतू नाही. हे दोघेही परिश्रमी व देवभीरू होते. फ्रेंच साहेबांनी पंजाबात व सरहद्दीवर हाडाची काडे केली. हिंदू समाज रमाबाईंविषयी काय बोलेल ही त्यांची चिंता खोटी नव्हती, कारण बाप्तिस्म्याची वार्ता पुण्यास पोहोचताच जो गदारोळ झाला तो सर्वश्रुत आहे. परंतु ज्यांनी आयुष्यभर आपल्या रूढींवर टीका केली तेच रूढींचा आधार घेऊन एका ख्रिस्ती स्त्रीला व्यासपीठावरून उतरवू पाहत होते, ही विसंगती त्यांच्या ध्यानात आली नाही. ती रमाबाईंच्या ध्यानात आली. त्यांनी लेखी कळवले ते असे की, आपली माता तरुणांना शिकवीत असे आणि आपणही शिकवीत आलो. त्यास ना पित्याने हरकत घेतली, ना पतीने. आता काही इंग्रज मंडळींनी ती घ्यावी याचे आपल्याला आश्चर्य वाटते. हिंदुस्थानात आपण हजारो पुरुषांपुढे भाषणे केली, मग येथे वर्गात बसलेल्या मूठभर तरुणांनी काय बिघडणार होते, हा विचार त्या पत्रव्यवहारामागे स्पष्ट दिसतो.

तो वर्ग भरला नाही. परंतु प्रश्न तेथेच थांबला नाही. रमाबाईंनी काय शिकवावे यावरून त्यांनी काय मानावे यावर गोष्ट गेली. त्यांच्या आध्यात्मिक माता असलेल्या भगिनी जेराल्डिन यांना नवशिष्येकडून आज्ञाधारकपणा हवा होता. रमाबाई मात्र त्रैक्याविषयी प्रश्न विचारीत आणि अथानासियाच्या मतांगीकाराचा आधार पवित्र शास्त्रात कोठे आहे ते दाखवा म्हणत. क्रूसावर लॅटिन शब्द कोरलेले पाहून आपल्या देशातील एकाही भगिनीला ही भाषा कळणार नाही, तेथे संस्कृत का नको, असे त्या विचारीत. सद्‌सद्विवेकाचा हक्क देवाने दिलेला आहे आणि मोठ्या कष्टाने एका जोखडातून सुटल्यावर तो पुरोहितांच्या दुसऱ्या वर्गाच्या स्वाधीन आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका १८८५ च्या पत्रांतून वारंवार येते. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. मिस बील यांना त्यात सत्याचा शोध दिसला आणि त्यांनी धीराने, बरोबरीच्या नात्याने या प्रश्नांना उत्तरे दिली. मला वाटते, रमाबाई ख्रिस्ती मंडळीत टिकल्या यात त्या उत्तरांचा वाटा मोठा आहे. हुकूम ऐकून त्या टिकल्या नसत्या. येथे हेही सांगितले पाहिजे की जेराल्डिनबाईंनीच पुढे हा सारा पत्रव्यवहार जपून ठेवला. म्हणून तर तो १९७७ मध्ये छापला जाऊन आपणांस वाचावयास मिळाला.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाईंनी इंग्लंड सोडले. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च रोजी पदवी मिळायची होती. त्या समारंभासाठी डीन रेचेल बॉडली यांनी बोलावले होते. भेट थोड्या दिवसांची ठरली होती, मुक्काम झाला जवळजवळ तीन वर्षांचा. तेथे कोणी त्यांना वर्गाच्या मर्यादा घातल्या नाहीत. गावोगाव सभागृहांत पुरुष व स्त्रिया त्यांना ऐकण्यास एकत्र बसत. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती त्यांनी धर्मशास्त्रातील वचने पुढे ठेवून मांडली. संस्कृत ग्रंथ मुळातून वाचलेली व्यक्तीच ते लिहू शकत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी संस्था स्थापन झाली. १८८९ मध्ये त्या परतल्या आणि अमेरिकेची लोकस्थिती व आपला प्रवास यांवर मराठीत ग्रंथ लिहिला. अमेरिकनांना हिंदुस्थान समजावून दिल्यावर मराठी वाचकांना अमेरिका समजावून देण्याचा हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. त्या ग्रंथात गुलामगिरीचा कलंकही आहे आणि स्त्रियांच्या संघटनांचे कौतुकही. पाहुण्या अध्यापकाने परतताना असेच काहीतरी बरोबर आणावे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढे ते पुण्यास आणि मग कार्य केडगावला गेले. तो इतिहास आपल्या मंडळ्यांतून सांगितला जातोच. मला मात्र चेल्टनहॅमचा तो न भरलेला वर्ग वेगळ्याच ठिकाणी आठवतो. आम्हा भाषांतरकारांच्या टेबलावर मराठी पवित्र शास्त्राची अनेक भाषांतरे उघडी असतात. त्यांतील एक रमाबाईंचे असते. वाक्यरचना कोठे कोठे खडबडीत लागते, मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या हट्टात मराठीचा ओघ तुटतो, हे मान्य. परंतु एखाद्या हिब्रू क्रियापदापाशी आम्ही अडखळतो, सगळ्या समित्यांनी तेथे गुळगुळीत वळण घेतलेले असते, आणि या एकट्या बाईने मात्र सरळ, खेड्यातल्या स्त्रीला कळेल असा शब्द ठेवलेला आढळतो. तेव्हा पेन्सिल खाली ठेवून तो पुन्हा वाचावा लागतो.

हिब्रू व ग्रीक त्या उतारवयात शिकल्या. ऐकू येणे बहुतेक थांबले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले हे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणे व छपाई करणे ही कामे सदनातील स्त्रियाच करीत. त्यांतील कित्येकींना पहिले अक्षर तेथेच गिरवावयास मिळाले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आता मुद्रिते तपासण्यास आई एकटीच उरली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ बांधून बाहेर पडला तो १९२४ मध्ये.